रुखमाबाईनं हं म्हटलंच नाही

सुलतानपूरचा पुंजाजी गोष्टी सांगून पोट भरतो म्हटलं, की नव्या माणसाला वाटतं थट्टा चाललीय. थट्टा कसली. दिवाळीनंतर कापूस फुटला, की मोठे शेतकरी त्याला रोजानं शेतात बोलावतात. बाया ओळीनं कापूस वेचत पुढं येतात आणि पुंजाजी त्यांच्या तोंडासमोर उलट्या पावलांनी मागं सरकत गोष्ट सांगतो. राजाच्या पोरीला साप चावला हे तो शेताच्या मधोमध सांगेल, पण ती जगली की मेली हे शेताच्या कडेच्या धुऱ्यावर पोचल्याशिवाय नाही. बाया त्याला शिव्या घालत भराभरा हात चालवतात आणि मालक खूश असतो.

पण ह्या धंद्याचा निम्मा भार त्याच्या बायकोच्या घशावर होता. गोष्टीला हुंकार लागतो. सांगणाऱ्यानं एक वाक्य टाकायचं, समोरच्यानं "हं, मंग?" म्हणायचं, तेव्हा कुठं गोष्ट पाऊल उचलते. हुंकार नाही तर गोष्ट तिथंच उभी, असा पुंजाजीच्या गुरूचा नियम होता आणि पुंजाजीनं तो एकतीस वर्षं पाळला. हुंकार द्यायला रुखमाबाई. तिचं हं ऐकण्यासारखं. साप निघाला की बारीक, लग्न लागलं की ऐसपैस, राजा खोटं बोलला की नाकातून. कित्येक बाया तर म्हणत, गोष्ट राहू द्या, नुसतं हं ऐकवा.

अशा बाईचे पुंजाजीनं पांग कसे फेडले? तिलाच गोष्टीत घालून. त्याची सगळ्यात चालणारी गोष्ट शेळीची. लग्न नवं होतं तेव्हा रुखमाबाईच्या बापानं लेकीला एक गाभण शेळी दिली. दोघं ती घेऊन मोताळ्याच्या स्टँडवर आले. "अन् माह्या बायकोनं काय करावं? शेळीले ऊन लागते म्हणून एका रिकाम्या टेम्पोत चढवली अन् आपण रसवंतीत जाऊन बसली. टेम्पो गेला संग्रामपूरले." लोक पोट धरधरून हसत. सुलतानपुरात तिला रुखमाबाई कोणी म्हणतच नाही, शेळीवाली म्हणतात.

आता खरं काय ते ऐका. शेळी चढवली होती पुंजाजीनं, आणि रसवंतीत तिसरा गिलास तोंडाला लावून बसला होता तोही पुंजाजीच. सासऱ्याला तोंड कसं दाखवावं म्हणून त्यानं बायकोचं नाव पुढं केलं. सासऱ्यानं त्यावर पुढं कधी चकार शब्द काढला नाही, आणि रुखमाबाईला तेच लागून राहिलं. बाप गेला तो आपल्याला वेंधळी समजूनच गेला, ह्या विचारानं ती एवढ्या वर्षांनीही मधूनच गप्प होई.

यंदा चैत्रात तिचा थोरला भाऊ रंगराव यानं मोताळ्याजवळच्या आपल्या गावी नवं घर बांधलं. वास्तूचं जेवण ठेवलं आणि जेवणानंतर जवाईबापूंची गोष्ट. सासरवाडीत पुंजाजी पहिल्यांदाच सांगणार होता. एसटीत बसल्या बसल्या रुखमाबाईनं बजावलं.

"तिथं शेळीची सांगान तं खरी सांगा. नाई तं दुसरी सांगा."

"सासरवाडीत मी आपल्याच तोंडाले काळं फासू?"

"मंग माह्या तोंडाले काऊन फासता, एकतीस वर्सं झाले?"

पुंजाजी खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

रोडगे आणि वांग्याची भाजी हाणून दोनशे माणूस मांडवात टेकलं. पुंजाजीनं फेटा सावरला. रंगराव मिशीत हसत म्हणाला, "जवाईबापू, ते शेळीची होऊन जाऊ द्या." रुखमाबाईनं भावाकडं असं पाहिलं, की दुसरा असता तर उठून गेला असता. पण पुंजाजीला मोह आवरला नाही. समोर माणसं बसली की ह्या गड्याची अक्कल चरायला जाते, हे त्याची बायकोच सांगते.

"तं मंडळी, ऊन असं होतं, का डांबर चपलेले चिकटे."

"हं," रुखमाबाई म्हणाली. "मंग?"

"मोताळ्याच्या स्टँडवर नवरा-बायको उभे. बायकोच्या हातात शेळीचा दोर."

रुखमाबाई गप्प.

पुंजाजीला वाटलं, ऐकू गेलं नसेल. "बायकोच्या हातात दोर," तो जरा मोठ्यानं म्हणाला. रुखमाबाईनं पदर सारखा केला आणि मांडवाचे बांबू मोजत बसली.

गोष्ट उभी राहिली. चुळबूळ सुरू झाली. तेव्हा रंगरावाचा पोरगा हरिओम पुढं सरकला. त्याचं मोताळ्यात मोबाइलचं दुकान. "मी देतो हुंकार, सांगा तुमी," म्हणाला आणि त्यानं फोनवर बोलतात तसे हुंकार सुरू केले. हं, हं, बरं, हं, चालते, हं. शेळी अजून स्टँडवरच होती आणि ह्याचे हुंकार संग्रामपूरला पोचले. त्या गडबडीत पुंजाजीचा धागा सुटला आणि त्यानं शेळीऐवजी बायकोलाच टेम्पोत चढवलं. लोक हसले, पण ते गोष्टीला हसले नाहीत, एवढं एकतीस वर्षांच्या धंद्यानं त्याला कळत होतं.

त्यानं हरिओमला हात जोडले. फेट्याच्या शेवानं घाम पुसला. बायकोकडं पाहिलं, तर ती अजून बांबूतच.

"दोर," तो म्हणाला, "दोर नवऱ्याच्या हातात होता."

"हं," रुखमाबाई म्हणाली. चांगलं ऐसपैस. "मंग?"

"बायको म्हणे, शेळीले झाडाखाली बांधू. नवरा म्हणे, तुले काय समजते."

"हं." हे नाकातून आलं.

"मंग त्या दोघाईनं मिळून..."

गप्प.

"त्यानं. एकट्यानं शेळी टेम्पोत चढवली अन् रस प्याले गेला."

"किती गिलास?"

हुंकार देणाऱ्यानं मंग सोडून दुसरा प्रश्न विचारायचा नसतो, पण आता नियम काढायची पुंजाजीची छाती नव्हती. "तीन," तो म्हणाला. मांडव असा हसला, की स्वयंपाकाच्या बाया हातातली कामं टाकून बघायला आल्या. पुंजाजीला लाजेनं मान वर करवेना. आणि मेल्याला त्यातही कळत होतं, की ही गोष्ट आजवर एवढी कधी रंगली नव्हती.

"सासऱ्याच्या भेवानं त्यानं बायकोचं नाव सांगितलं," तो हळू म्हणाला. "सासरा तसाच गेला. बायकोले ते लई लागलं. चुकलं नवऱ्याचं."

हं द्यायचं सोडून रुखमाबाई नवऱ्याकडं बघत राहिली.

"हं," रंगराव म्हणाला. "आता पुढचं मी सांगतो. तिसऱ्या दिवशी तो टेम्पोवाला शेळी घेऊन आमच्या दारात. म्हणे, एका फेटेवाल्यानं चढवली, लोक म्हणतात तुमचा जवाई हाय. आपल्या आबाले तवापासून माहीत होतं."

"अन् मले सांगितलं नाई?"

"शेळी धाडली असती तं जवायाची लबाडी उघडी पडली असती. आबा म्हणे, जवायाचा मान राखा. ज्या दिवशी तो सोता खरं सांगन, त्या दिवशी शेळी देऊन टाका. तुह्यावर त्याईनं कधीच बोट ठेवलं नाई, रुखमे."

रुखमाबाई रडली. दोनशे माणसांसमोर, पदर तोंडाला लावून, पोटभर रडली. "मेला माणूस कसा सांगन मले? तुले तं तोंड होतं," असं म्हणून तिनं भावाच्या पाठीत एक बुक्की घातली आणि पुन्हा रडली. वहिनी शालूबाईनं गोठ्यातून एक काळी पाठ, म्हणजे तरणी शेळी, सोडून आणली. त्याच शेळीच्या लेकींच्या लेकींतली. तिला हळद-कुंकू लावलं आणि दोर नणंदेच्या हातात दिला.

संध्याकाळी दोघं मोताळ्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघत उभे होते. ऊन अजून उतरलं नव्हतं. समोर रसवंतीचे घुंगरू वाजत होते आणि पलीकडं एक टेम्पो रिकामाच उभा होता.

"आण तो दोर," पुंजाजी लाडीगोडीनं म्हणाला. "मी धरतो जराक. तू रस पिऊन ये."

रुखमाबाईनं दोराचा आणखी एक वेढा मनगटाला घातला आणि हं म्हटलंच नाही.