हार्ड डिस्कला स्टेथोस्कोप

सर्व सुजाण नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी, जयपूरच्या एका कॉलेजातल्या समाजशास्त्र विभागाच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरने किंकाळी फोडली. त्या वेळी त्याच्यासमोर मी बसले होते. कृपया सर्वांनी उभे राहावे.

किंकाळीच ती! जयपुरात मोर भल्या पहाटे खिडकीशी येऊन कसे ओरडतात ते मला चांगलं माहीत होतं. पण मोर मध्ये दम तरी घेतो. हा घेईना. मी झटकन बटण बंद केलं.

कॉम्प्युटरच्या पोटात वीस मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि हार्ड डिस्कच्या पोटात माझा अख्खा प्रबंध. लाखेच्या बांगड्या करणाऱ्या बायकांच्या भट्टीशेजारी बसून, घामाने निथळत जमवलेला! सोमवारी तो युनिव्हर्सिटीत दाखल करायचा होता. फ्लॉपीवर नक्कल नव्हती, कारण फ्लॉप्या विभागप्रमुखांच्या कपाटात कुलूपबंद असत आणि अर्ज मंजूर झाल्याशिवाय बाहेर येत नसत. हे विभागप्रमुखच माझे मार्गदर्शक.

कंपनीच्या दिल्लीतल्या इंजिनिअरला ट्रंक कॉल लावला. तो म्हणाला, "मॅडम, चालू करू नका. आतला हेड तबकडीवर घासत असेल तर सगळा मजकूर जाईल. मी पंधरवड्याने येतोय."

म्हणजे मशीन बंद ठेवलं तर सोमवार हुकणार, आणि चालू केलं तर कदाचित प्रबंधच जाणार.

"बेटा, मन छोटा मत करो," किंकाळी ऐकून आलेले सर म्हणाले. "अगले साल दे देना." त्यांचा चेहरा विलक्षण शांत होता. थोर माणसं अशीच असतात, असं मला वाटलं.

मी नवऱ्याला फोन केला. तो सरकारी इस्पितळात छातीच्या विकारांचा डॉक्टर. वॉर्डातला राउंड संपवून तो गळ्यातल्या स्टेथोस्कोपसकट आला, आणि वाटेत मिलिटरी हॉस्पिटलमधला आपला मित्रही उचलून घेऊन आला. हा मित्र मेजर, साताऱ्याचा, आणि सर्जन. कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ नको म्हणून चपला-बूट बाहेर काढायचा नियम होता. मेजरसाहेब मोजे सावरत आत आले.

"वहिनी, पेशंट कुठाय?"

"अहो, थट्टा नको! माझा जीव जायची वेळ आलीय."

"अगं, मग दोन पेशंट आहेत असं म्हण," नवरा म्हणाला आणि त्याने झाकणाचे स्क्रू काढायला घेतले.

जरा वेळच चालू करायचं आणि आवाज कुठून येतो ते बघायचं, असं ठरलं. मी डोळे मिटून बटण दाबलं. किंकाळी! मेजरांनी मशीनमधल्या पंख्याची वायर काढली. किंकाळी तशीच. नवऱ्याने स्टेथोस्कोप कानात घालून आधी फ्लॉपीच्या खाचेवर टेकवला, मग हार्ड डिस्कच्या वरच्या अंगाला, मग बाजूला. तोंडाने तो सवयीप्रमाणे पुटपुटला, "हं, खोल श्वास घ्या."

मेजर खो-खो हसत सुटले. मी बटण बंद केलं.

"वरून आवाज पुसट आहे," नवरा म्हणाला. "खालून जोरात. हेड घासत असता तर उलटं झालं असतं."

"कशाला एवढा विचार? उघडूया की!" मेजर डिस्कचं सीलबंद झाकण चाचपत म्हणाले.

"भावजी, हात लावाल तर खबरदार!" मी डिस्कवर आडवी पडायचीच बाकी होते.

मग त्यांनी डिस्क तारांसकट जागेवरून सोडवली, आणि मेजरांनी ती ऑपरेशन टेबलावर धरावी तशी कडेवर उभी धरली. खालच्या बाजूला, फिरणाऱ्या आसाच्या टोकाला एक तांब्याची पातळ पट्टी टेकलेली दिसली. घासून घासून ती चकचकीत झाली होती. मी पुन्हा बटण दाबलं. मोर ओरडला. नवऱ्याने पेन्सिलीचं रबराचं टोक त्या पट्टीवर अलगद दाबलं.

शांतता!

रबर उचललं, किंकाळी. दाबलं, शांतता. मी लहान मुलीसारखी "परत! परत!" म्हणत त्याला ते चार वेळा करायला लावलं. मजकुराला धक्काही नव्हता. सगळा गोंधळ त्या बाहेरच्या पट्टीचा! मशीन बंद करून मेजरांनी खिशातून जखमेवरची चिकटपट्टी काढली, नखाएवढा तुकडा कापला आणि पट्टीच्या पाठीवर बसवला. पट्टीची थरथर थांबली ती थांबलीच.

पडद्यावर माझी प्रकरणं एकामागून एक उमटली.

"सर, किल्ली!" मी ओरडले.

"एप्लिकेशन?" सर म्हणाले. मेजरांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. किल्ली आली.

आधी फ्लॉप्यांवर नकला झाल्या, मग मी प्रिंटर सुरू केला. खर्रखर्र करत जोडकागद निघू लागला. टेबलावरून खुर्चीवर, खुर्चीवरून फरशीवर घड्या पडत गेल्या. नवरा आणि मेजर लग्नघरातल्यासारखे टाळ्या पिटत होते, मी हसत होते, रडत होते. ढीग सरांच्या मोज्यांपर्यंत पोचला. आता त्यांचा चेहरा मुळीच शांत नव्हता. त्यांनी पायाशी पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"हे भगवान, अब तो मुझे ये सब पढ़ना पड़ेगा!"