भिंतीला पाय पोचेना

फिदेलिया तुयुबने म्हातारपणी नवऱ्याला घराबाहेर काढलं, ही बातमी उमान गावातल्या त्या गल्लीत गरम तोर्तियांच्या, म्हणजे मक्याच्या भाकऱ्यांच्या, आधी घरोघर पोचली. कुणी म्हणालं, विल्बर्तची दुसरी बाई सापडली. कुणी म्हणालं, दारू. तोर्तियांच्या रांगेतल्या एकीने तर त्याच्या पाठीवर झाडूचे वळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, तेही सदऱ्यावरून.

खरी गोष्ट याहून पुष्कळ बेचव होती. विल्बर्तला झोपायची झोळी टांगायला घरात जागा उरली नव्हती. एका सकाळी त्याने आपली दोऱ्यांची झोळी गुंडाळून खांद्यावर टाकली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या घरी, बहिणीच्या ओसरीत नेऊन टांगली.

"रागावलास का?" फिदेलियाने दारातून विचारलं.

"मी नाही रागावलो. गुडघे रागावलेत. हनुवटीला टेकून झोपायचा कंटाळा आला त्यांना. जागा झाली की सांग."

जागा झाली की सांगते, हे ती याआधीही कितीदा म्हणाली होती. तिचं तिलाच ऐकवेना, म्हणून या वेळी ती आत वळली.

घर म्हणजे एक मोठी खोली. भिंतींत चार कड्या, दोन झोळ्यांच्या. विल्बर्तच्या एका कडीपुढे फ्रिज उभा होता. तो मुलाचा, एर्मिलोचा. कान्कुनच्या हॉटेलात नोकरी लागली तेव्हा आईकडे ठेवून गेला. मग लेकीचा, लुसेलीचा पाळणा आला. त्या पाळण्यातल्या बाळाला आता मिसरूड फुटलं होतं. मागून व्यायामाची सायकल आली, लेकीच्या लग्नात आलेल्या काचेच्या भांड्यांची खोकी आली, आणि शेवटी नणंदेचं, नेल्फीचं कपडे धुवायचं मशीन, ज्याने शेवटची गिरकी कधीच घेतली होती. प्रत्येक वस्तू दारातून आत येताना एकच वाक्य बरोबर घेऊन आली.

"राहू दे गं, थोडेच दिवस."

आणि फिदेलियाने समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. नाही म्हणायला जेवढा दम लागतो तेवढा तिच्यात कधी नव्हताच. रोज सकाळी ती दुसऱ्यांच्या सामानावरची धूळ पुसायची आणि खेकड्यासारखी आडवी होऊन स्वयंपाकघरात जायची. तिच्या स्वतःच्या वस्तू एका टोपलीत मावल्या असत्या. पण मनात एक होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं: सामान आहे तोवर पोरं कधीतरी न्यायला येतील. गल्लीला अर्थात ठाऊक होतं. गल्लीला काय ठाऊक नसतं?

सोमवारी तिने नेहमीसारखं काळ्या घेवड्यात डुकराचं मांस शिजवलं आणि ताट झाकून रस्ता ओलांडला. नेल्फी वाटच बघत होती.

"घरातून काढलंस आणि डबा लावलास होय गं त्याला?"

"काढलं नाही."

"मग? हवापालट?" नेल्फीने झाकण उचलून पाहिलं. "मुळा कमी घातलायस. नवरा दूर गेला की हात आखडतो वाटतं."

विल्बर्त जेवला. ताट धुऊन परत दिलं. एवढंच.

त्या टोमण्याने काही झालं नाही. झालं ते बुधवारी दुपारी. उन्हाने गल्ली पालथी पडली होती. फिदेलिया झोळीत आडवी झाली आणि झोका घ्यायला तिने पाय लांब केला. झोका कुणी दुसऱ्याने द्यायचा नसतो. पायाचं बोट भिंतीला लावायचं, ढकलायचं, की अंग आपोआप हलतं. बोट खोक्याला लागलं. खोकं मऊपणे आत दबलं. झोळी जिथल्या तिथे.

तिने पुन्हा पाय दिला. पुन्हा खोकंच.

ती उठली, खोकी बाजूला ओढली. मागे भिंत होती, आणि भिंतीवर तिच्या पायाचा गुळगुळीत काळपट डाग. मग तिने फ्रिजमागे डोकं घातलं. तिथे विल्बर्तच्या टाचेने वर्षानुवर्षं ढकलून गिलाव्यात खळगा पाडला होता. घर रंगवताना तो दरवेळी ते दोन्ही डाग सोडून रंगवायचा. "लागतात," म्हणायचा.

ती खाली फरशीवर बसली. रडली-बिडली नाही. तेवढीही हौस उरली नव्हती. स्वतःच्या घरात भिंतीला पाय पोचत नाही, एवढंच तिच्या ध्यानात आलं, आणि ते ध्यानात यायला इतकी वर्षं लागली याचा थकवा आला.

तेवढ्यात नगरपालिकेची भोंगा लावलेली गाडी ओरडत गल्लीतून गेली. डासांचा मोसम येतोय, शनिवारी ट्रक येणार, मोडकंतोडकं दारात काढून ठेवा. गाडी दरवर्षी येते. फिदेलिया दरवर्षी एक फुटकी बादली बाहेर ठेवून आत येत असे. या वेळी तिने फोन उचलला.

"लुसेली, पाळणा न्यायला ये."

"आई, आता कुठे? माझी ड्युटी बघ ना."

"मग ट्रकात देते."

"अगं, माझ्या लेकराच्या आठवणी आहेत त्यात!"

"आठवणी तू ने. लाकूड मी देते."

"आई, बरी आहेस ना?"

"दमलेय," फिदेलिया म्हणाली. हे तिने लेकीला पहिल्यांदाच सांगितलं. "एर्मिलोलाही कळव. मला पुन्हा बोलायचा कंटाळा येतो."

शुक्रवारी तिने फरशीवर साबणाचं पाणी ओतलं आणि फ्रिज पाठीने रेटत रेटत दारापर्यंत नेला. संध्याकाळपर्यंत सगळं रस्त्यावर. आता, ट्रक शनिवारी येत असला तरी गल्लीची खरी जत्रा शुक्रवारी संध्याकाळीच भरते, हे सांगायला नको. ज्याला जे हवं ते तो उचलतो. सायकल आधी गेली, मग भांडी. शेजारचा म्हातारा गास्पार मात्र पाळणा उचलून तिच्याच दारात आला.

"फिदेलियाबाई, हा चुकून बाहेर राहिला वाटतं."

"चुकून नाही."

"मग मी नेऊ? पण यात घालू काय या वयात?"

"कोंबड्या घाला. तुमच्या हातून आता तेवढंच होणार."

नेल्फी धावत आली. "माझं मशीन रस्त्यावर?"

"तुझ्या दारापर्यंत ढकलवलं नाही गं. पाठ गेली."

नेल्फीने फणकाऱ्याने गास्पारच्या मदतीने मशीन आपल्या ओसरीत ओढून नेलं. मग तिची नजर फ्रिजवर गेली. दाराचं रबर शाबूत होतं. मका ठेवला तर उंदीर फिरकणार नाही. फुकटचं सोडायचं तिच्या रक्तात नव्हतं. फ्रिजही ओसरीत गेला.

विल्बर्त दिवसभर फळं विकून हातगाडी ढकलत परत आला तर बहिणीच्या ओसरीतली कडी फ्रिजआड गेलेली. तोच फ्रिज. त्याने त्याच्याकडे जुन्या सावकाराकडे बघावं तसं पाहिलं, झोळी काढली आणि रस्ता ओलांडून स्वतःच्या दारात उभा राहिला.

"कडी मोकळी आहे?"

फिदेलिया झोळीत पडून होती. त्याला आत बोलवावं की नाही, तिला कळेना. आता तो नाही म्हणाला असता तर परत उठायचं बळ नव्हतं.

"बघ की," ती म्हणाली.

त्याने बघितलं. झोळी टांगली, आडवा झाला, पाय लांब केला. टाच खळग्यात बसली. मग बराच वेळ फक्त दोऱ्या कुरकुरत राहिल्या. फिदेलियाचे दंड इतके दुखत होते की आनंद वगैरे उद्यावर ठेवावा लागला.

शनिवारी, ट्रक यायच्या आधीच, नेल्फी दारात हजर.

"अगं फिदेलिया, माझ्या ओसरीत पाय ठेवायला जागा नाही! निदान ते मशीन तरी आत घे परत. तुझं घर बघ केवढं मोकळं पडलंय!"

फिदेलिया उठली नाही. पायाचं बोट भिंतीला लावून तिने झोका घेतला आणि म्हणाली,

"राहू दे गं, थोडेच दिवस."