फ्रान्सची लाल वाइन आणि आमच्या धाब्यावरचं ऊन

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बरं, नाहीतर चहा नाकात जाईल. मी जे केलं ना, ते आमच्या भडगावात कुणी केलं नसेल. फ्रान्समध्ये तर नाहीच नाही!

माझी नात उज्ज्वला. द्राक्षाचं शिकायला फ्रान्सला गेली, बोर्डोकडे. मी म्हटलं, "बोर्डो? ते मोरचूद-चुन्याचं फवारायचं औषध?"

"आबा, ते औषध ह्याच मुलखातलं!"

मग काय, तो मुलूख मला एकदम घरचाच वाटायला लागला. फोनवर तिनं सगळा दाखवला. रुंद नदी, काठाला नुसत्या गोट्यांची जमीन, त्यात काळ्या द्राक्षांच्या ओळी आणि ओळीच्या टोकाला गुलाब. मी जन्मभर गिरणाकाठी केळी लावली. गोट्यांत आमच्याकडे बाभूळसुद्धा तोंड वाकडं करून उगवते. तिथं म्हणे भारी लाल वाइन गोट्यांतलीच!

तिथल्याच एका वाइनवाल्याचा मुलगा लुई. दोघांचं जमलं. दिवाळीला तो आमच्याकडे आला, वांग्याचं भरीत खाऊन घळाघळा रडला, आणि रडत रडत "अजून" म्हणाला. आम्ही तिथल्या तिथं पोरगा पसंत केला.

अडलं होतं त्याच्या बापापाशी. पिएर त्यांचं नाव. एकुलता एक मुलगा, सून परदेशची. "आधी माणसं बघेन, मग हो म्हणेन," असं त्यांचं म्हणणं. चुकीचं काय त्यात? मी पण तेच म्हटलं असतं.

त्यांनी दिवाळीलाच लुईबरोबर एक बाटली पाठवली होती, आणि स्वतः वैशाखाच्या शेवटी यायचं ठरवलं होतं. लुई जन्मला त्या साली केलेली लाल वाइन! त्यांच्या घरची रीत अशी, की दोन्ही घरं पहिल्यांदा एकत्र बसली की ती बाटली उघडायची. उज्ज्वलानं मला दहादा बजावलं, "आबा, पिएरकाकांचा जीव आहे हिच्यात. मुरलेली वाइन आहे, जपा. आणि प्यायच्या आधी तिला जरा हवा लागते."

मुरणं आणि हवा! अहो, हे मला सांगायचं? आमच्या घरचं लोणचं, गुलकंद, सगळं माझ्या हाताखाली मुरलंय. अक्का, म्हणजे आमची बायको, फोडी करते. पण बरणी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर नेणं, आणणं, हलवणं हे खातं माझं.

मी बाटली उजेडात धरली. तळाला गाळ! मनात म्हटलं, बिचाऱ्यांकडे ऊन कमी, मुरायची राहिलीय. वर बूच ठोकून श्वास कोंडलेला. आपल्याकडे उन्हाला काय तोटा? वैशाख चाललाय, धाब्यावर पाय ठेवला तर तळवा पापडासारखा भाजतो!

बूच काढलं. वाइन फडक्यातून गाळली, चिनीमातीच्या बरणीत ओतली, तोंडाला मलमलचा दादरा बांधला आणि ठेवली धाब्यावर, कुरडयांच्या शेजारी.

रोज सकाळी वर, संध्याकाळी खाली. लेकरासारखी सांभाळली हो!

काही दिवसांनी अक्कानं नाक मुरडलं. "आवं, हाई काय शे? आंबट वास यी राहिना!"

"मुरी राहिनं," मी म्हटलं.

"मुरी राहिनं का मरी राहिनं?"

बायकांना धीर नसतो, असं मनात म्हटलं आणि बरणी हलवली.

ठरल्या दिवशी पाहुणे आले, लुई आणि त्याचा बाप, बरोबर आमची उज्ज्वला. पिएर उंच, अंगावर पांढरा सदरा, हात मात्र माझ्यासारखेच, नखांत माती. रामराम झाला, पाणी झालं. मग ते हळूच काहीतरी बोलले.

उज्ज्वला म्हणाली, "आबा, बाटली आणा."

मी मोठ्या ऐटीत बरणी आणली! मधोमध ठेवली, दादरा सोडला, पळीनं स्टीलच्या पेल्यात वाढली.

उज्ज्वलाचा चेहरा पांढरा. लुईनं डोळे मिटले. पिएरनी आधी बरणीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग एक घोट घेतला.

काय सांगू! कैरी खाल्लेल्या पोराचं तोंड बघितलंय ना? तसं.

"आबा," नात रडवेल्या आवाजात म्हणाली, "ही उन्हात ठेवली?"

"रोज! एक दिवस चुकवला नाही."

तिनं ते फ्रेंचमध्ये सांगितलं. बाहेर शेळीसुद्धा कळल्यासारखी ओरडली. नातीचं लग्न मी माझ्या हातानं बरणीत बुडवलं की काय! मी हात जोडले. "व्याहीबुवा, म्हाताऱ्याची चूक पोरीवर काढू नका. मी माया केली हो, रीत चुकली."

पिएर उठले. बरणीवर वाकले, दादरा हातात घेऊन निरखला आणि खो खो हसत सुटले. त्यांची आजी म्हणे अस्संच फडकं बांधून वाइनचा आंबट शिरका, ते व्हिनेगर म्हणतात ना, ते करायची. तसा वास आजी गेल्यापासून त्या घरात आला नव्हता. त्यांनी कांदा-काकडीवर पळीभर ओतलं, भाकरीशी खाल्लं, आणि मला मिठी मारली.

लुई कानात मोडक्या मराठीत म्हणाला, "आबा, बाबा हो म्हणाले!"

त्याच्या जन्मसालाच्या बाटल्या अजून आहेत तळघरात. लग्न तिकडेच, द्राक्षं खुडून झाल्यावर. उरलेला शिरका पिएर बरोबर घेऊन गेले, अक्कानं बरणीसकट दिला.

परवा उज्ज्वलानं तळघराचा फोटो पाठवला. गार, अंधारं, ओळीनं बाटल्या. वर मराठीत एक पाटी. म्हटलं, आपल्या स्वागताची दिसतेय! शाळा मला माहीत नाही, पण अक्षर अक्षर जोडून वाचतो मी. डोळ्यांना चष्मा लावून, अक्काला शेजारी बसवून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं:

"थंड जागी ठेवा. उन्हापासून आणि आबांपासून दूर ठेवा."