पाय काढून ठेवला तो रविवार

मे महिन्यातल्या त्या रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर आम्ही चौघं घरी न जाता थेट वॉटर पार्कला गेलो. मी, बायको, आई आणि नऊ वर्षांची मुलगी. संगमनेरच्या बाहेर, नाशिक-पुणे रस्त्यालगतच्या एका मैदानावर तो उन्हाळ्यापुरता मांडला होता. पक्कं बांधकाम काही नाही. मोटारीनं हवा भरून उभ्या केलेल्या घसरगुंड्या, खाली हवेचाच हौद आणि टँकरचं पाणी. मुलीच्या वर्गातली निम्मी मुलं जाऊन आली होती. ती महिनाभर मागे लागली होती आणि मी महिनाभर टाळत होतो.

तीन वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात माझा डावा पाय गुडघ्याखाली गेला. नकली पाय बसवून मी दूध डेअरीतल्या नोकरीवर परत रुजू झालो. फुल पँट घातली की नवख्या माणसाला कळत नाही, आणि ते न कळणं मी फार जपलं होतं. पाहुणे आले तरी आधी आत जाऊन पाय चढवायचो, मगच त्यांच्यासमोर यायचो.

तेव्हा मी काठावर बसून सामान सांभाळायचं, असं घरूनच ठरलं होतं. पण सगळ्यात उंच घसरगुंडी पाहून मुलगी घाबरली. तिथं चढायचं तर होतं, पण एकटीनं नाही. बायकोला उंचीवर चक्कर येते. शेवटी मुलीचा हात धरून मीच रांगेत उभा राहिलो.

घसरगुंडीच्या तोंडाशी एक पन्नाशीच्या बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. बांगड्या, पिना, पट्टे, चाव्या, टोचेल असं सगळं त्या काढून घेत. त्यांनी मला बूट काढायला सांगितले. मी हळू आवाजात म्हणालो की पाय नकली आहे. त्यांनी वाकून घोट्याला हात लावून पाहिला.

"आत लोखंड हाय का?"

मी होय म्हणालो.

"मग न्हाई जमायचं, भाऊ. कुठं टोक लागलं तर फाटंल. वर पोरं असत्यात."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मी मुलीला म्हणालो, बघ, मावशी सोडत नाहीत. तिनं क्षणभर विचार केला.

"मग काढून ठेवा ना, पप्पा. बांगड्या ठेवतात तसा."

मागून आई म्हणाली, राहू दे, लोक बघतील. मुलीनं हट्ट केला असता तर मी नक्की रागावलो असतो. तिनं हट्ट केला नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गुपचूप हात सोडला.

मी त्या बाईंना खुर्ची मागितली. पँट वर केली, पाय काढला, मोजा काढला. बाईंनी तो पाय दोन्ही हातांनी घेतला, सावलीत उभा केला आणि तापू नये म्हणून वर टॉवेल टाकला.

बायकोच्या खांद्यावर हात ठेवून लंगडी घालत गेलो ती दहा पावलं सगळ्यात अवघड. लोक बघत होते. पण घसरगुंडीच्या चढणीला हात लावला आणि पाहतो तर तिथं कुणालाच उभं राहता येत नव्हतं. माझ्यापुढे एक जाडजूड गृहस्थ रांगत होते, दर दोन हातांवर कोलमडत होते. घरी पाय काढला की मी कुबड्या घेतो, त्यांनी माझे दंड घट्ट झालेले. मी दोर धरून त्यांच्या पुढे गेलो आणि वरून मुलीला ओढून घेतलं.

वर एका चिमुरडीनं विचारलं, "काका, तुमचा पाय कुठंय?"

"खाली मावशींकडे ठेवलाय," माझ्या मुलीनं सांगितलं. चिमुरडीला ते पटलं. ती घसरून गेली, पाठोपाठ आम्ही. पाण्यात मी उताणा पडलो, नाकातोंडात पाणी गेलं आणि मला हसू आवरेना. पाच वेळा चढलो.

त्याची किंमतही मोजली. घासून घासून गुडघ्याखालचा उरलेला पाय सुजला आणि परतताना नकली पाय काही केल्या चढेना. तो बायकोनं एका काखेत धरला आणि दुसऱ्या हातानं मला, दुसऱ्या बाजूनं आईनं धरलं, आणि तसेच आम्ही भर गर्दीतून रिक्षापर्यंत गेलो. आई वाटेत म्हणाली, "दुखतंय का रे?" मी थोडं दुखतंय म्हणालो. पुढचे चार दिवस रजा टाकावी लागली.

रस्त्यावर मी अजूनही फुल पँटच घालतो. पण त्या चार दिवसांत शेजारचे, डेअरीतले बरेच जण बघायला आले, आणि मी जसा होतो तसाच त्यांच्यासमोर बसून चहा प्यायलो.