आधीचा मिस्त्री

मुळगावच्या रस्त्यावर माझ्या जुन्या गाडीत पेट्रोलचा वास भरला आणि मी ती कडेला थांबवली. मागच्या सीटवर लेक झोपली होती. समोरच्या गॅरेजातला मिस्त्री हाकेसरशी आला. त्यानं तोंडातली विडी रस्त्यापलीकडेच विझवली, आधी लेकीला उतरवून लांब झाडाखाली बसवलं आणि मगच बॉनेट उघडलं.

इंजिनाकडे जाणारी पेट्रोलची नळी कडक होऊन चिरली होती. त्यानं नवी नळी कापून तिचं तोंड मला दाखवलं. आत एकावर एक प्लास्टिकचे थर होते.

"आतलो थर पेट्रोल अडवता, भायरलो ऊन सोसता. ही तुमची तर झाडांका पाणी घालूची नळी! कोणी घातल्यान?"

"आधीच्या मिस्त्रीनं," मी म्हणालो. परसातली नळी कापून दोन महिन्यांपूर्वी मीच ती बसवली होती.

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. झाडाखालच्या लेकीकडे बघत, हात पुसत हळूच म्हणाला, "तेका सांगा, गाडयेत कोण बसता ता आधी बघ."

तो पुन्हा भेटला नाही. पण रोज गाडी सुरू करण्याआधी मी वाकून वास घेतो आणि त्या आधीच्या मिस्त्रीला त्याचा निरोप सांगतो.