सयाजीच्या फटफटीचं खोगीर

मेढ्याचा सयाजी लढाईवरून परत आला, तो हवालदार होऊन. पलटणीत चार वर्षं त्यानं फटफटीवरून निरोप पोचवले होते. लढाई संपल्यावर सरकारनं जुन्या फटफट्या विकायला काढल्या, त्यातली एक त्यानं घेतली. साताऱ्याच्या एका औषधवाल्यानं कामही दिलं: मेंढरांच्या औषधाची पेटी दर बुधवारी आटपाडीला पोचवायची. वाट ऐंशी मैलांच्या वर, त्यातली निम्मी खड्ड्यांची.

काम झकास, पण फटफटीची बैठक म्हणजे नुसता पाट. घरी आला की गडी दोन दिवस भिंत धरून चालायचा. त्याची बायको शालूबाई ताट घेऊन विचारायची, "आवं, बसून जेवताय का उभ्यानं? तसं वाढाया बरं."

शेवटी त्यानं पिंजाऱ्याकडून कापसाची वीतभर जाड गादी करून घेतली. कराडपर्यंत गडी नवरदेवासारखा बसला. विट्याच्या पुढं कापूस दोन्हीकडं पळाला अन् मधे उरलं नुसतं कापड. त्या दिवशी तो इतक्या वेळा उतरला, की आटपाडीला बुधवारची पेटी गुरुवारी पोचली.

पेटी उतरवून घेणारा कोंडीबा धनगर म्हणाला, "पावनं, पुढच्या बुधवारी दिस मावळायच्या आत न्हाई आला, तर साताऱ्याचा मालक पेटी मोटारीनं धाडणार. तसा तारेनं निरोपच आलाय."

सयाजीचं तोंड उतरलं. फटफटीखेरीज त्याला दुसरं काही जमत नव्हतं. नांगर धरला, तर बैलच त्याला हाकायचे.

कोंडीबाची आई बयाबाई दारात बसून त्याची चाल बघत होती. ती धनगरांच्या घोड्यांची खोगिरं शिवायची.

"पाठ सोललेलं घोडं बी आसंच चालतंय," ती म्हणाली.

"आज्जी, चेष्टा करा, पर बसा म्हनू नका."

"बसच म्हनते. हितं."

तिनं चुलीतली राख चाळून अंगणात पसरली. नवं खोगीर झालं की ती घोड्याच्या पाठीला राख लावायची अन् खोगीर टाकून चार पावलं चालवायची. खोगिराला राख चिकटली तिथं ते रुततंय, हे तिला कळायचं. आता घोड्याच्या जागी हवालदार होता. धनगरवाड्यावरच्या बाया हातातली कामं टाकून जमल्या. सयाजी खाकी विजारीनिशी राखेत टेकला.

"कोंबडी अंड्यावर बसतीया तसं नगं, बाबा. सगळा भार टाक."

टाकला. उठला, तर राखेत दोन खळगे.

"ही तुजी हाडं. कापूस दबला की ती पत्र्यावर येत्यात. मऊ नगं, घट्ट पायजे. आन मदल्या हाडाला जागा मोकळी."

जुन्या घोंगडीचे तुकडे, त्यात ठासून भरलेली लोकर अन् मधोमध दोन बोटांचा चर. रात्रीच्या मुक्कामात बयाबाईनं खोगीर शिवून दिलं. दिसायला ओबडधोबड, वर मेंढराचा वास. साताऱ्यात लोक म्हणाले, "सयाजीराव, बकऱ्यावर बसून कुटं निगाला?"

बुधवारी तो उजाडताच निघाला. कराडला उतरला नाही. विट्यात चहा घेतला, तोही फटफटीवर बसूनच. सूर्य डोक्यावर होता तेव्हा आटपाडीत हजर.

कोंडीबा बघतच राहिला. "कोन मागं लागलं व्हतं रं तुज्या?" मग पेटी उतरवत म्हणाला, "ह्यातलं थोडं सांगलीच्या दुकानाला बी पायजे व्हतं. आज इसावा घे, उद्या जा."

"बांदा मागं. मी उतरत न्हाई."

बयाबाईनं त्याला बूड जरा उचलायला लावलं, अंगठ्यानं खोगीर दाबून बघितलं अन् म्हणाली, "जा."

दिवेलागणीला सयाजी सांगलीत होता. तिथला दुकानदार विचारत होता, साताऱ्याहून कोणत्या वारी निघालात. "आजच," सयाजी म्हणाला. दुकानदाराला ते पटलं नाही, पण औषधवाल्याला पटलं. पुढच्या बुधवारपासून सांगलीची पेटीही सयाजीकडंच आली.