आत्यांचा हलका हात

आमच्या आत्या जेलीची बाटली काखेत धरून हिंडत. सोनोग्राफीची जेली ती. ग्वाल्हेरच्या जानेवारीत नुसती बर्फ व्हायची. "तुझ्या अंगावर कुणी असला गार गोळा थापला तर चालेल का?" असं मला विचारत आणि शालीखाली बाटली आणखी घट्ट धरत. अंग अर्थात उंदराचं असायचं.

आमच्या प्रयोगशाळेत किडनीच्या गाठींवरच्या एका औषधाची उंदरांवर चाचणी चालू होती. त्या प्रमुख, मी पशुवैद्य. नात्यानं त्या माझ्या कुणी नव्हेत. पण सगळेच त्यांना आत्या म्हणत, हिंदीवाले बुआजी. पूर्वी गाठ केवढी झाली हे बघायला उंदीर मारावा लागे. आत्यांनी हट्टानं सोनोग्राफीचं मशीन आणवलं, त्यामुळे तोच उंदीर आठवड्यामागून आठवडे बघता येऊ लागला. त्याला भूल द्यायची, कोमट पाटावर निजवायचं, कुशीवरचे केस काढायचे आणि पडद्यावर राजम्याच्या दाण्याएवढी किडनी शोधायची. उंदराला त्या उंदीर कधी म्हणत नसत. "पेशंट झोपलाय, जरा आरामात बोला," असं त्यांनी एकदा खुद्द संचालकांना दटावलं होतं.

उंदीर वासानं बिथरतात, म्हणून त्या खोलीत अत्तराला मज्जाव. एकदा सराफ्यात लग्नाला जायचं म्हणून मी सेंट लावून आले, तर दारातूनच परत. "तू लग्नालाच जा. इथे कुणी नवरदेव नाही बसलाय."

शिकवताना मात्र त्या चिडत नसत. माझ्या हातातल्या, उंदराच्या अंगावर टेकवायच्या प्रोबकडे बघून म्हणत, "हाताला वजन नको देऊ. चित्र काढते आहेस तू, पोळी नाही लाटत."

मग शहरातल्या तीन लहान प्रयोगशाळा एकत्र करून सिटी सेंटरला एकच मोठी संस्था करायचं ठरलं. नव्या नकाशात उंदरांची खोलीच नव्हती. आत्या समितीशी कडाकडा भांडल्या आणि एवढं पदरात पाडून घेतलं की औषधानं गाठी लहान झाल्या, तर खोली मिळेल. आणि आत्यांच्या मापांत गाठी खरंच लहान होऊ लागल्या! आत्यांनी इंदरगंजहून सगळ्यांसाठी डाळ भरलेल्या पुऱ्या, बेडई, मागवल्या.

समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी एका उंदरावर प्रोब धरून त्या तीच गाठ पुन्हा पुन्हा मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "जरा तू धर." मी धरला तर गाठ मोठी दिसली. त्यांनी धरला तर लहान. पुन्हा मी, पुन्हा मोठी. त्यांच्या बोटांना कंप सुटू लागला होता. तो आवरायला त्या नकळत प्रोब दाबत होत्या, आणि दाबामुळे चपटी झालेली गाठ लहान दिसत होती. मी सगळे उंदीर पुन्हा तपासले. एकाचीही गाठ लहान झालेली नव्हती.

"आत्या, उद्या काही बोलू नका. आधी खोली तर मिळू द्या," मी काकुळतीला येऊन म्हटलं.

"अगं, आणि या औषधाच्या भरवशावर उद्या कुणाचा बाप राहील, त्याचं काय?"

बैठकीत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गाँठ छोटी नहीं हुई है. मेरा हाथ भारी हो गया है." आणि खाली बसल्या. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला.

खोली गेली. उंदरांना शेवटची भूल आत्यांनीच दिली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग किडन्या काढून मी गाठी मोजल्या. माझी पडद्यावरची मापं बरोबर निघाली होती. तसं त्यांना सांगितलं, तर "शाबास," एवढंच म्हणाल्या आणि पाठ फिरवून कितीतरी वेळ हात धूत राहिल्या.

नव्या संस्थेत त्या आल्या नाहीत, आणि आता तर या जगातही नाहीत. पुढे शाबासक्या मला पुष्कळ मिळाल्या. ती एक घेताना मात्र माझीच मापं चुकली असती तर बरं, असं वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं.